पाण्याखालच्या पानांची भूक



जपानमधल्या निइगाता प्रांतातले ताकाशी अमानो हे मूळचे सायकल शर्यतपटू. १९७०च्या दशकात त्यांच्या काचेच्या टाकीतल्या पाणवनस्पती काही केल्या धरत नव्हत्या. उजेड होता, वाळू होती, मासे मजेत होते, पण झाडे मात्र पिवळी पडत. शेवटी त्यांनी टाकीत चक्क सोडा ओतला, पेयात घालतात तोच. पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे चढले आणि झाडांना काय कमी पडत होते ते त्यांना कळले. पुढे १९८२मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी चाळीस मीटर लांबीचे पाण्याखालचे जंगल उभे केले आणि त्याच वर्षी ते गेले.

कमी पडत होता तो कार्बन. झाडाच्या वाळलेल्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. जमिनीवरचे झाड तो हवेतून सहज घेते. पाण्यात मात्र कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट सावकाश पसरतो. शिवाय हवेतून पाण्यात उतरणारा वायू लिटरमागे एक मिलिग्रॅमही भरत नाही. मासे आणि जिवाणू श्वासातून थोडी भर घालतात, तेवढीच. हौशी मंडळी हे प्रमाण वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात, कारण तिथे झाडे खऱ्या अर्थाने जेवतात.

सगळ्याच झाडांना हे ताट वाढावे लागत नाही. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया बोअरच्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणारी क्रिप्टोकोरायनही सावकाश वाढण्यात समाधानी असते. नवख्याने पहिले सहा महिने अशाच झाडांवर हात बसवावा, हे उत्तम. गालिच्यासारखी पसरणारी नाजूक रोपे आणि लालचुटूक पाने हवी असतील, तरच वायूच्या वाटेला जावे.

हा वायू घरी बनवण्याची सुरुवात बहुतेक जण साखर-यीस्टच्या बाटलीने करतात. दोन लिटरची बाटली, कपभर साखर, चिमूटभर यीस्ट, कोमट पाणी आणि झाकणातून काढलेली नळी. मध्ये पाण्याची दुसरी छोटी बाटली ठेवावी, नाहीतर फेस थेट माशांच्या अंगावर जातो. नळी तुंबली तर बाटली फुटू शकते, म्हणून ती रोज बघावी. ही युक्ती स्वस्त आहे, पण लहरी. मे महिन्यात यीस्ट उधळते, थंडीत झोपते, आणि रात्री बंद करायला तिला तोटी नसते.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा खर्च जास्त, पण लगाम आपल्या हाती राहतो. रेग्युलेटर दाब उतरवतो, बारीक व्हॉल्व्हने बुडबुडे मोजून सोडता येतात, आणि टायमरवरचा सोलेनॉइड दिवे लागण्याच्या तासभर आधी वायू सुरू करून दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करतो. नळीत एकदिशा झडप हवीच, म्हणजे टाकीचे पाणी मागे येत नाही. भरलेला सिलिंडर उन्हात ठेवू नये. साधारण ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो.

दोन फुटी टाकीला सेकंदाला एक बुडबुडा, एवढ्यावर सुरुवात करावी, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, घरात असताना. वायू जास्त झाला की माशाला कल्ल्यांतून स्वतःचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही. रक्त आम्ल होते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची ताकद घटते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. अशा वेळी विचार करत बसू नये. वायू बंद, एअर पंप सुरू, आणि अर्धे पाणी बदलायचे. ते जीव आपल्या भरवशावर काचेआड आहेत.

टाकीच्या काचेला आतून चिकटवलेला ड्रॉप चेकर इथे डोळ्यांचे काम करतो. इंचभर काचेच्या फुग्यात ठरावीक क्षारतेचे द्रावण आणि दोन थेंब रंगद्रव्य. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे धोका. तो पाण्यात वायू सोडणाऱ्या डिफ्यूजरपासून लांब, समोरच्या कोपऱ्यात लावावा. रंग बदलायला त्याला तास-दोन तास लागतात, म्हणून दर दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह पिळणारा माणूस हमखास फसतो. आज थोडे फिरवावे, उद्या बघावे.

आणि दिवे सुरुवातीला सहाच तास. उजेड भरपूर आणि वायू अपुरा, हे शेवाळाचे आवडते हवामान.

सगळे जमले की दुपारनंतर पानांच्या कडांवर प्राणवायूचे बारीक मणी लागतात आणि एकेक सुटून वर जातो. संध्याकाळी सोलेनॉइड टक् करून मिटतो, तासाभराने दिवे जातात. ड्रॉप चेकर अजून हिरवाच असतो, पहाटेपर्यंत निळा होतो, आणि मासे तळाशी झाडांत शांत पडून असतात.