दुखण्याचे नाव सांगावे
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘निवृत्त शिक्षकाचे अनुभव’ हा विषय दिला होता. परंतु गेल्या वर्षातील आमचा मुख्य अनुभव निराळ्याच शाळेतील आहे, आणि त्याविषयी आपल्या घरांतून मोकळेपणाने बोलले जात नाही. म्हणून तोच सांगण्याची अनुज्ञा आम्ही मागून घेतली. आवाज अद्याप खरखरीत असल्याने भाषणही आटोपशीर होईल.

घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेलाच राहिला, तर तो तज्ज्ञास दाखवावा, हा या शाळेतील पहिला धडा. आम्ही दाखविला, आणि स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. रोग आरंभीच्या अवस्थेत होता. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून, केवळ किरणोपचारांनी, आवाज राखून रुग्ण बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात झाले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे ३३ दिवस किरण घ्यावयाचे होते. मान हलू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवितात व तिचा मुखवटा करतात. तो बांधून आपणांस एकट्यास खोलीत ठेवतात. यंत्र डोक्याभोवती फिरते. वेदना यत्किंचितही होत नाही. काही मिनिटांचेच काम, पण त्यासाठी सारी सकाळ बाकावर जाते. त्या बाकावर बिहारचा शेतकरी, बंगालची आजीबाई आणि कोकणातला तांडेल फायली मांडीवर घेऊन शेजारी शेजारी बसलेले असतात. तेथे कोणी कोणाचे कुळ विचारीत नाही, ‘तुमचे कितवे?’ एवढेच विचारतात.

तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलवटल्यासारखा झाला. मानेची कातडी काळवंडली. पेज, मऊ भात, दूध आणि मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हा दिनक्रम ठरला. डॉक्टरांनी बोलणे कमी करण्यास सांगितले. छत्तीस वर्षे मुलांस ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्या मास्तरांच्या हाती पाटी आली. आमची पत्नी म्हणे, “आता तरी माझे वाक्य पुरे होऊ द्याल.” घरात हसू फुटे, आणि तो दिवस जाई.

खरा जाच मात्र निराळाच होता. धाकट्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. एका वडीलधाऱ्या आप्तांनी सुचविले, “मास्तर, तूर्त टॉन्सिल म्हणा. मुलीचे जमू द्या.” त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. कन्येनेच उत्तर दिले, “काका, उद्या त्या घरात माझा घसा दुखला, तर मी कोणते नाव सांगू?” आम्ही खरे ते कळविले. एका स्थळाने त्यानंतर मौन धरले. ते घर कसे आहे हे लग्नाआधीच कळले, हा लाभ आम्ही लहान मानीत नाही.

बंधूंनो, लपविण्याचे मूळ अज्ञानात आहे. कर्करोग स्पर्शाने अथवा एका ताटात जेवल्याने जडत नाही. तो बहुधा आनुवंशिकही नसतो; शंभरांत पाच ते दहा रुग्णांतच मूळ वंशात असते. यंत्राने बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. त्याने नातवंडास खुशाल मांडीवर घ्यावे. उलट दुखणे लपविल्याने तपासणी लांबते, आणि मदत असूनही ती घरापर्यंत पोहोचत नाही. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार आहेत. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत आहे. परंतु ज्या घरात रोगाचे नावच उच्चारले जात नाही, त्या घरास हे सांगणार कोण?

भेटीस जाल तेव्हा दुसऱ्या कोणाच्या मरणाची हकीकत सांगू नका, काढ्यांची यादी देऊ नका. “उद्या रुग्णालयात सोबत येऊ का?” एवढे विचारा. किरण संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो. लोक त्याच सुमारास येईनासे होतात. तेव्हा अवश्य जा.

आमची पहिली मोठी तपासणी पुढील महिन्यात आहे. निकाल काय येईल हे आज सांगता येत नाही. म्हणून आजच एक विनंती करून ठेवितो. संघाच्या कार्यालयात एक वही असावी. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत आणि जे नव्या रुग्णाशी बोलावयास स्वखुशीने तयार आहेत, त्यांची नावे तीत असावीत. पहिले नाव आमचे लिहावे, आणि नावापुढे दुखण्याचेही नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे.