फळी विकत घेण्याआधी पळसाचं पान आठवा

रानातून येऊन हातपाय धुऊन बसल्या असाल, कुणाच्या चुलीवर भाकर असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटाची एक फजिती सांगणार आहोत, आणि त्यातून जो धडा मिळाला तोही.

दिवाळीनंतर आमच्याकडे जत्रा भरते. गेल्या खेपेला गटानं ठरवलं, आपण खाण्याचा स्टॉल लावू. पण भजी आणि वडापाव सगळेच विकतात. मग वेगळं काय? गटातल्या एका सुनबाईनं मोबाईलवर दाखवलं. निखाऱ्यावर लाकडाची फळी, फळीवर पनीर आणि भाज्या, आणि खालून येणारा मंद धूर. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी सालमन नावाचा मासा असा लाकडावर भाजत आले आहेत. आता शहरातल्या हॉटेलांतही तो प्रकार आलाय.

बायांना आवडलं. पण मोबाईलवर तशा फळ्यांची किंमत पाहिली तर सहा फळ्यांचे २,४०० रुपये! गटाच्या बचतीतून तेवढी रक्कम उचलायची का, यावर बैठकीत चांगलीच जुंपली. एवढ्यात एकीनं उपाय काढला. बाजारात यंत्रांच्या आणि मालाच्या पेट्या येतात, त्यांच्या फळ्या फुकट मिळतात. आणल्याही चार.

घरी करून पाहिलं. फळ्या भिजवल्या, निखाऱ्यावर ठेवल्या, वर वांग्याच्या फोडी मांडल्या. दहा मिनिटांत असा धूर सुटला की डोळ्यांची आग झाली. वास औषध फवारल्यासारखा. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी ते ताटच बाजूला केलं. म्हणाल्या, “पोरींनो, या लाकडावर काय सांडलंय, तुम्हाला ठाऊक आहे का? हे लेकरांच्या तोंडात घालायचं नाही.”

आजींचं खरं होतं. परदेशी माल येतो त्या पेट्यांच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते. शिक्क्यावर इंग्रजी ‘एमबी’ अक्षरं असतील तर ते लाकूड मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूनं धुरावलेलं असतं. ‘एचटी’ असेल तर ते नुसतं तापवलेलं असतं. पण त्या पेटीतून पुढं कीटकनाशक आलं की खत आलं, ते शिक्का सांगत नाही. म्हणून पेटीची फळी स्वयंपाकाला नकोच. प्लायवूड नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. रंग किंवा पॉलिश दिलेलं जुनं दार-खिडकीचं लाकूडही नको. आणि कण्हेर तर काडीलासुद्धा वापरायची नाही, ती विषारी आहे. बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, अंगावर फोड येतात.

त्या रात्री आजींनीच विचारलं, “फळी करते काय, सांगा बरं?” आम्ही विचार केला. ओली फळी निखारा आणि अन्न यांच्या मधे बसते. त्यामुळे अन्न करपत नाही. फळीतल्या पाण्याची वाफ लागते, लाकडाचा वास लागतो. बस, एवढंच. आजी हसल्या. “मग पानग्याला पळसाचं पान दुसरं काय करतं?”

आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. पानगे आपण लहानपणापासून खात आलो. कणकेत मीठ, ओवा आणि थोडं तेलाचं मोहन घालायचं, घट्ट मळायचं, जाडसर थापायचं. वरून-खालून पळसाचं पान लावायचं आणि गवऱ्यांच्या आरात ठेवायचं. जाळ नको, आर हवा. पान काळं पडतं, आतला पानगा खरपूस होतो. वरण, वांग्याची भाजी आणि तूप. खर्च कणकेचाच.

आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे आणखी एक पान आहे, जे आपण गुरांपुढेसुद्धा टाकत नाही. हळदीचं! वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कंदासाठी. कोकणात आणि गोव्यात याच हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. आम्ही त्या पानात मीठ, तिखट, लसूण लावलेलं पनीर आणि वांगं गुंडाळलं, बांबूच्या काडीनं टाचलं आणि निखाऱ्यावर ठेवलं. वास असा सुटला की शेजारच्या बाया विचारायला आल्या. धरणातला रोहू-कटला मिळाला तर त्याचे तुकडेही असेच भाजा. पान मात्र औषध न फवारलेल्या रानातलं घ्या, आणि धुऊन घ्या.

तरी जत्रेत माणूस डोळ्यांनी आधी खातो, म्हणून फळीही ठेवली. गावातल्या सुतारदादांकडून आंब्याच्या कोऱ्या लाकडाच्या, साधारण इंचभर जाड चार फळ्या रंधून घेतल्या. ८० रुपयांना एक. फळी वापरायची रीत अशी:

फळी दोन तास पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगते. निखारे पांढरी राख धरू लागले की मगच फळी ठेवा. फळीवर तेलाचा हात फिरवा, फोडी एका थरात मांडा आणि वर पातेलं पालथं घाला. फळीची कड पेटली तर पाणी शिंपडा. काम झालं की साबण न लावता घासा आणि सावलीत वाळवा. अशी फळी तीन-चार वेळा चालते. पार कोळसा झाली की चुलीत घाला. आम्ही घाईत एक फळी न भिजवता ठेवली, ती भर गर्दीत पेटली. शेजारी पाण्याची बादली होती म्हणून निभावलं. बादली विसरू नका, आणि पदर खोचून घ्या.

आता हिशोब. दोन दिवसांत फळ्या ३२०, कोळसा ४००, भाजी-पनीर-मसाला-तेल १,६५०, जागेचं भाडं २००. एकूण २,५७० रुपये. द्रोण आम्ही पळसाचे घरीच लावले. ४० रुपयांप्रमाणे ९६ द्रोण विकले, ३,८४० रुपये आले. शिल्लक १,२७०.

ऐकायला बरं वाटतं ना? पण बायांनो, पाच जणी दोन दिवस उभ्या होत्या. म्हणजे एकीला दिवसाचे १२७ रुपये पडले. खुरपणीला गेलो असतो तर जास्त मिळाले असते. बैठकीत आम्ही हे लपवलं नाही. विकतच्या फळ्या घेतल्या असत्या तर काय झालं असतं, तेही मांडलं. खर्च ४,६५० झाला असता आणि खिशातून ८१० गेले असते. कर्ज काढून तोटा!

म्हणून पुढच्या जत्रेसाठी असं ठरलंय. बहुतेक माल पानातच भाजायचा. फळी फक्त पुढं, गिऱ्हाईकाला दिसेल अशी एक. द्रोण ५० रुपयांना. पनीर कमी आणि वांगी, रताळी, कणसं जास्त, कारण ती आपल्या रानातली. आणि हिशोबात स्वतःची मजुरी पहिल्या ओळीत लिहायची. ती आम्ही आजवर कधीच लिहीत नव्हतो. घरातही नाही आणि गटातही नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणी नवी वस्तू घ्यायची म्हटलं की आधी विचारा, ही वस्तू काम काय करते? तेच काम करणारं आपल्या बांधावर, आपल्या परड्यात काही आहे का? आणि आपल्या घामाचे पैसे धरून हिशोब जमतो का? नाही जमला तर घेऊ नका. जमला तर बिनधास्त घ्या.

शिमग्याच्या सुमाराला पळसाची पानं झडतात, तेव्हा आत्ताच थोडी वाळवून ठेवा. पाण्यात भिजवली की कामाला येतात. तुमच्याकडे कोणत्या पानात काय भाजतात, ते आम्हाला जरूर कळवा. येते आम्ही. नमस्कार.