गवंड्याचा गुण्या आणि बंद दार

(धुळें येथें कारागीर व शेतकरी मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फ्रीमेसन मंडळ, त्याचा इतिहास व त्याच्या सभा हा आहे. साहेबलोकांच्या आणि शेठ-सरदारांच्या या मंडळाशीं आपणां शेतकरी-कारागिरांना काय करावयाचें आहे, असें कोणी मनांत म्हणत असेल. त्यास माझें उत्तर एवढेंच कीं, ज्या मंडळाच्या बोधचिन्हावर गवंड्याचा गुण्या आहे, त्या मंडळाची चौकशी करण्याचा पहिला हक्क गवंड्याचा आहे. ‘मेसन’ म्हणजे गवंडी, पाथरवट. नांव आपलें, हत्यारें आपलीं. तेव्हां घर कोणाचें तें पाहिलेंच पाहिजे.

आपल्या देशांत लोक या मंडळाच्या सभागृहाला ‘जादूघर’ म्हणत आले. आंत काय चालतें हें बाहेरच्यास कळत नसे, म्हणून कोणी म्हणे तेथें भुतें नाचवितात, कोणी म्हणे धर्म बाटवितात. दार बंद असलें कीं अफवेला पाय फुटतात. आज त्या भाकडकथा बाजूस ठेवून खरें काय तेवढें पाहूं.

सहा-सातशें वर्षांपूर्वीं विलायतेंत मोठमोठीं दगडी देवळें बांधलीं जात. एकेका देवळाचें काम पिढ्यान्‌पिढ्या चाले. कामाशेजारीं पाथरवट एक छपरी उभारीत. तींत बसून दगड घडवावे, भाकर खावी, आपसांतला तंटा मिटवावा. या छपरीचें नांव ‘लॉज’. धंद्यांत उमेदवार, कसबी आणि उस्ताद अशा पायऱ्या असत. कामाच्या शोधांत परगांवीं गेलेल्या माणसानें आपण खरोखर शिकलेले आहों हें तेथील लोकांस पटवावें कसें? हातीं कागद नाहीं आणि बहुतेकांस अक्षरओळख नाहीं. म्हणून स्कॉटलंडच्या पाथरवटांत खुणेचा एक शब्द ठरलेला असे. म्हणजे पुढें ज्या गुप्त खुणेचा एवढा बाऊ झाला, ती मुळांत गरीब कारागिराची सनद होती.

एडिंबरो येथील लॉजचें दप्तर १५९९ सालापासूनचें आहे. पुढें देवळांचीं कामें मंदावलीं आणि ज्यांनीं जन्मांत थापी धरली नाहीं असे सभ्य गृहस्थ या छपरींत येऊं लागले. १६४६ सालीं ईलायस ॲशमोल नांवाच्या विद्वानानें वॉरिंग्टन गांवीं दीक्षा घेतली व तें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें. १७१७ सालीं लंडनमधील चार लॉजांनीं एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापिलें, असें हीं मंडळी परंपरेनें मानतात. यानंतर शंभर वर्षांच्या आंत राजघराण्यांतले पुरुष या मंडळाचे प्रमुख झाले. दगड फोडणारा मागें राहिला आणि त्याचा गुण्या तेवढा पुढें गेला.

१७२३ सालीं जेम्स अँडरसन या पाद्र्यानें मंडळाच्या नियमांचें पुस्तक छापलें. ज्या काळीं विलायतेंत धर्मपंथांवरून रक्त सांडत होतें, त्या काळीं या पुस्तकानें सांगितलें कीं, ज्या धर्माबद्दल सर्व माणसांचें एकमत आहे तेवढाच आम्हांस पुरे. माणूस सच्चा असावा, आणि सभेंत धर्माचा व राजकारणाचा वाद काढूं नये. ही गोष्ट मोठी आहे, तिला मान दिलाच पाहिजे. पण त्याच पुस्तकांत दुसरा नियम आहे कीं, गुलामाला घेऊं नये आणि स्त्रीला घेऊं नये. सभासद जन्मतः स्वतंत्र असावा ही अट इंग्लंडांत १८४७ सालीं बदलून ‘स्वतंत्र मनुष्य’ अशी झाली. स्त्रियांसंबंधींची अट मात्र या मूळ परंपरेच्या लॉजांत अजून तशीच आहे. फ्रान्सांत १८९३ सालीं स्त्रीपुरुषांचें मिळून एक निराळें मंडळ निघालें आणि ॲनी बेझंट बाईंनीं तें हिंदुस्थानांत आणिलें. परंतु मूळ मंडळींनीं त्यास आपलें मानलें नाहीं.

आतां सभा कशी भरते तें ऐका. दाराबाहेर नागवी तरवार घेऊन एक पहारेकरी उभा असतो. आंत पूर्वेस मुख्य बसतो, त्याच्या गळ्यांतल्या पट्ट्याला गुण्या लटकत असतो. पश्चिमेस बसणाऱ्याजवळ पाणसळ आणि दक्षिणेस बसणाऱ्याजवळ ओळंबा. प्रत्येकाच्या कमरेला पुढच्या बाजूनें कोंकराच्या पांढऱ्या चामड्याचा ॲप्रन बांधलेला. हत्याराच्या ठोक्यानें सभा उघडते, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम होतो, नवा मनुष्य घ्यावयाचा असल्यास मतें पडतात, मग त्याला दीक्षा देतात. धर्मादायासाठीं पेटी फिरते, सभा बंद होते आणि सर्वजण एका पंक्तीस जेवतात. मुख्याची निवड वर्षाची असते. राजा असो वा कारकून, मुदत संपली कीं खुर्ची दुसऱ्याला.

दीक्षेच्या तीन पायऱ्या, उमेदवार, कसबी आणि उस्ताद. प्रत्येक पायरीवर हत्यारें दाखवून उपदेश करतात. चोवीस इंची गज दाखवून म्हणतात, दिवसाचे चोवीस तास असे मोजून वापर. हातोडा व छिन्नी दाखवून म्हणतात, मनाचे खडबडीत कंगोरे काढ. पाणसळ दाखवून म्हणतात, सर्व माणसें एका पातळींत आहेत. ओळंबा दाखवून म्हणतात, वागणूक सरळ ठेव. सभागृहांत दोन दगड मांडलेले असतात, एक ओबडधोबड आणि एक घडलेला. टांकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं, ही आपल्या आजीबाईंची म्हण त्यांनीं दोन दगडांत मांडून ठेविली आहे.

तीन पायऱ्यांनंतर आणखी एक दीक्षा आहे. तिला रॉयल आर्च, म्हणजे राजकमान म्हणतात, आणि ती देणाऱ्या शाखेला लॉज न म्हणतां ‘चॅप्टर’ म्हणतात. १८१३ सालीं इंग्लंडांतील दोन भांडणाऱ्या ग्रँड लॉजांचा समेट झाला, तेव्हां राजकमान हा मूळ विद्येचाच भाग आहे असें ठरलें. चॅप्टरची कथा आपण कान देऊन ऐकण्याजोगी आहे. यरुशलेमचें देऊळ शत्रूनें पाडलें होतें, तें पुन्हां बांधावयाचें आहे. गादीवर तिघे बसले आहेत, एक राजवंशी सरदार, एक भविष्यवादी आणि एक मुख्य पुरोहित. बाबिलोनहून आलेले तीन वाटसरू पुढें होऊन म्हणतात, कितीहि हलकें काम द्या, आम्ही करूं. त्यांस पहार, कुदळ आणि फावडें देऊन पडका राडारोडा उपसावयास लावतात. उपसतां उपसतां पहार लागते, पोकळ आवाज येतो, कमानीचा दगड निघतो, आणि जमिनीखालच्या तळघरांत हरवलेलें ज्ञान सांपडतें.

बंधूंनो, नीट पाहा. गादीवर सरदार आहे, भविष्यवादी आहे, पुरोहित आहे. पण ज्ञान सांपडतें तें पहार-फावडेंवाल्याला! ही कथा त्यांचीच आहे, मीं पदरचें कांहीं घातलेलें नाहीं. मग प्रश्न एवढाच कीं, कथेंत फावडेंवाल्याला जो मान, तो दारांत कां नाहीं?

हें मंडळ हिंदुस्थानांत कंपनी सरकारच्या लोकांबरोबर आलें. कलकत्त्यास १७३० च्या सुमारास आणि मुंबईस १७५८ सालीं लॉजें निघालीं. पुढें जेथें साहेबाची छावणी, बंदर वा रेल्वेचें मोठें ठाणें, तेथें लॉज. पण अर्काटच्या नबाबाच्या मुलासारखा एखादा अपवाद सोडला, तर शंभर वर्षें इथल्या माणसाला तें दार बंद होतें.

तें उघडण्याची हकीकत मुंबईची आहे. माणेकजी करसेटजी या नांवाचे एक पारशी गृहस्थ होते. पुढें ते स्मॉल कॉज कोर्टांत न्यायाधीश झाले आणि १८६३ सालीं त्यांनीं मुलींसाठीं इंग्रजी शाळा काढली. त्यांस मेसन होण्याची इच्छा होती. सर्व माणसें एका पातळींत आहेत असें शिकविणाऱ्या मंडळानें मुंबईस त्यांस घेतलें नाहीं. शेवटीं पॅरिस येथें फ्रेंच लॉजनें त्यांस दीक्षा दिली. दीक्षा घेऊन परत आले, तरी मुंबईचें लॉज त्यांस बंधु म्हणून आंत घेईना. तेव्हां स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे इकडील प्रमुख डॉक्टर जेम्स बर्न्स यांनीं १५ डिसेंबर १८४३ रोजीं एक नवेंच लॉज उभारलें. त्याचें नांव ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’, म्हणजे पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा. त्यांत इंग्रज, पारशी आणि मुसलमान शेजारीं शेजारीं बसले.

हिंदूंचा प्रश्न आणखी पुष्कळ वर्षें अडला. यांचे देव अनेक, हे जातिभेद पाळणार, मग बंधुभाव कसा, असा आक्षेप होता. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांनीं वर्षानुवर्षें अर्ज चालविला, तेव्हां १८७२ सालीं त्यांस प्रवेश मिळाला. पुढें स्वामी विवेकानंद झालेले नरेंद्रनाथ दत्त यांनीं १८८४ सालीं तेथेंच दीक्षा घेतली. देश स्वतंत्र झाल्यावर २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं दिल्लीस हिंदुस्थानचें स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झालें व रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या सभेंत गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब आणि अवेस्ता हे ग्रंथ मांडतात. पांच धर्मांचे ग्रंथ एका चौरंगावर नांदतात, ही शोभेची गोष्ट नव्हे; पुष्कळ धर्मपंडितांना ती अजून साधलेली नाहीं.

इतकें श्रेय दिल्यावर आतां हिशेब मागतों. दार उघडलें तें कोणाला? न्यायाधीशाला, वकिलाला, व्यापाऱ्याला, संस्थानिकाला. गवंड्याला घेऊं नये असा नियम कोठेंहि लिहिलेला नाहीं. लिहिण्याची गरजच नव्हती! प्रवेशाची फी आहे, कारभार इंग्रजींत आहे, पोषाख साहेबी आहे. आणि मतें टाकण्याची रीत अशी कीं, पेटींत पांढरी वा काळी गोळी टाकावी; तीन काळ्या निघाल्या कीं मनुष्य बाद, आणि लॉजनें ठरविल्यास त्याहून कमींतहि बाद. गोळी कोणीं टाकली व कां टाकली, हें विचारावयाचें नाहीं. म्हणजे ओळंब्याखालीं उभें राहून आडपडद्यानें न्याय!

याचा एक देखावा मुंबईनें पाहिला आहे. ११ नोव्हेंबर १८७५ रोजीं विलायतेच्या राजपुत्रानें मुंबईस प्रिन्सेस डॉकचा पायादगड बसविला. तो त्या वेळीं इंग्लंडच्या फ्रीमेसनांचा मुख्य होता, म्हणून सोहळा मेसनांच्या रीतीनें झाला. त्या रीतींत दगड गुण्यानें, पाणसळीनें, ओळंब्यानें तपासतात आणि त्यावर धान्य, मद्य व तेल वाहतात. आतां विचार करा. धान्य कोणी पिकविलें? कुणब्यानें. तेल कोणी काढलें? तेल्यानें. दगड कोणी घडविला? पाथरवटानें. कमरेचें चामडें कमावण्याचा धंदा इकडे कोणाचा? ज्याला गांवाबाहेर ठेविलें, त्याचा. त्या बंदरांतून आपल्या मुलुखाचा कापूस विलायतेस जावयाचा. सर्व वस्तूंचा सन्मान झाला. वस्तु करणारे दोराच्या पलीकडे उभे होते. सोहळ्याचें वर्णन इतिहासांत आहे, पण तो दगड घडविणाराचें नांव आपणांस ठाऊक नाहीं.

आपल्या धुळ्याचेंच पाहा. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यानें येथें जिल्ह्याचें ठाणें केलें, तेव्हां कचेऱ्या बांधावयास दूरदूरचे कारागीर आणविले. ब्रिग्जचें नांव राहिलें. भिंत उभारणारांचें उरलें नाहीं.

याच काळांत दुसरें एक दार उघडलें होतें, तेंहि तुलनेस घेऊं. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज काढला. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनीं माल पुरविला होता. पाथरवटाचा घाम त्यांनीं पुस्तकांत वाचलेला नव्हता, डोळ्यांनीं पाहिलेला होता. त्यांच्या समाजांतहि शपथ होती, सभा होत्या, छापलेला अहवाल होता. पण बाहेर तरवार नव्हती, काळी गोळी नव्हती, भाषा घरची होती.

आणि आपल्या पांझरेच्या कांठीं फड चालतात, ते काय आहेत? दगडी बंधारा, त्यावरून निघालेला पाट, एका फडांत सर्वांचें एक पीक, पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावयाचें, पाट साफ करावयास प्रत्येकानें राबावयाचें. शेंकडों वर्षें हें बिनगुप्त चाललें. पाटाला उतार किती हवा हें ज्यानें नजरेनें ओळखलें, त्याला पाणसळीचा अर्थ कोणीं सांगावयास नको. पाणी वरच्या शेतानें अडवून धरलें, तर खालचें करपतें. समतेचा हा धडा आपण रानांत गिरविलेला आहे.

तेव्हां या मंडळापासून काय घ्यावें आणि काय टाकावें? घेण्यासारखें पुष्कळ आहे. त्यांच्या सभेला वेळ असते, मागील सभेचा वृत्तांत वाचल्याशिवाय पुढें काम चालत नाहीं, मुख्य वर्षानें बदलतो, आणि पेटी प्रत्येक सभेंत फिरते. या पेटींतून त्यांनीं १७८८ सालींच लंडनमध्यें आपल्या गरीब व पोरक्या मुलींसाठीं संस्था उभारली. आपल्या संघांत, सोसायट्यांत, जातीच्या पंचायतींत काय दिसतें? वृत्तांत अध्यक्षाच्या खिशांत, हिशेब चिटणीसाच्या डोक्यांत, आणि खुर्ची एकदां धरली कीं मुलाला देईपर्यंत सुटत नाहीं. हें आधीं सुधारा.

टाकण्यासारखें एकच आहे, तें म्हणजे बंद दार. आणि तें टाकतांना साहेबाकडे बोट दाखवून भागणार नाहीं. आपल्या सभेंत स्त्रिया किती येतात? आल्या तर मागें सतरंजीच्या कडेला बसतात कीं पुढें बोलतात? भूमिहीन मजुराला सोसायटींत मत आहे काय? सुताराच्या संघांत चांभार, आणि चांभाराच्या पंक्तीला गवंडी, हें घडतें काय? न घडेल तर काळी गोळी आपल्याहि मुठींत आहे, मग माणेकजींना अडविणारांना हंसण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

गुण्या कोणाच्या गळ्यांत आहे हें पाहून कोन दाखवीत नाहीं. ओळंबा राजवाड्याच्या भिंतीला आणि झोंपडीच्या भिंतीला एकच उत्तर देतो. हीं हत्यारें आपल्या घरच्या खुंटीवर टांगलेलीं आहेत. तीं भिंतीला लावतों तशीं आपल्या सभेला, आपल्या पंक्तीला, आपल्या दाराला लावून पाहा. जेथें वाकडें दिसेल तेथें भिंत उतरवून पुन्हां बांधावी लागते, हें गवंड्याला मीं सांगण्याची गरज नाहीं.