एकट्याने खेळायचं तर



आमच्या आयटीवाल्यांच्या विरंगुळ्याचं आज थोडं सांगते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला. तेव्हा त्यात ६० लेव्हल होत्या आणि ९ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार. नवख्याला वाटतं, चिलखतवाला वॉरियर घ्यावा. पण तेव्हा त्याला स्वतःच्या जखमा भरायचा मंत्र येत नसे. बरा करणारा प्रीस्ट सोबत असला, तरच तो शोभायचा. एकट्याने वर चढायचं तर हंटर बरा. तेव्हा दहाव्या लेव्हलला तो जनावर पाळायला शिकायचा. ते पुढे होऊन मार झेलतं, हा लांबून बाण सोडतो. म्हणजे घाव किती मोठा, हे पाहायचं नाही. एका लढाईतून उठून दुसरीला किती लवकर उभं राहता येतं, ते पाहायचं.

हे सांगायचं कारण, बारावी झाली की श्रीपूरच्या मुली पुण्याला एकट्या निघतात. आपण विचारतो, ब्रँच कोणती, पॅकेज किती? त्याआधी हे विचारूया: ताप आला, पेपर अवघड गेला, तर सावरायला तिच्याजवळ काय आहे? बँकेचं खातं ती स्वतः चालवते का? रात्री अकराला हक्काने फोन करावा, असं त्या शहरात कोणी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच बसलंय. पुण्यात राहणाऱ्यांनी जाण्याआधी आपला नंबर शाळेच्या ऑफिसात लिहून द्यावा. पहिला मी देते.