अडगळ उचलणारे हात

घर झाडायला काढले की आपल्याला पहिली आठवण होते ती झाडूची आणि दुसरी कबाडीवाल्याची. माळा मोकळा झाला, सांदवाडीतला पसारा हलला, की किती हलके वाटते! तुम्हालाही वाटत असेल. पण आपल्या घरातून गेलेले ते ओझे कोणाच्या तरी पाठीवर चढलेले असते, हे सहसा मनात येत नाही. माझ्याही मनात चाळिशी उलटून गेली तरी आले नव्हते.

माझे घर बुटीबोरीला. नागपूरहून वर्धेकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आता दूरवर ठाऊक झाले आहे. कारखान्यांतले पुष्कळ लोक भाड्याच्या खोल्यांतून राहतात. नोकरी बदलली की खोली रिकामी होते, आणि मागे राहते ती अडगळ. त्यामुळे ठेलेवाल्यांना इथे बारा महिने काम असते.

गेल्या दिवाळीपूर्वी आमचे जुने घर रिकामे करायचे ठरले. वडील गेल्यापासून ते बंदच होते. पन्नाशीचा एक ठेलेवाला आणि त्याचा भाचा असे दोघे आले. पोती मीच भरून ठेवली होती. एका पोत्यात जुने कपडे, मोडक्या छत्र्या आणि मधोमध चार निकामी ट्यूबलाइट. पोते मावेना म्हणून मी वरून पाय देऊन दाबले. तो गृहस्थ आला, पोते त्याने पाठीवर घेतले, आणि दोन पावलांत ओरडून खाली टाकले. काच सदऱ्यातून खांद्यात घुसली होती. शेजारच्या काकू हळद घेऊन धावल्या. मी त्याला दवाखान्यात नेले. जखम धुतली, सहा टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. बाहेर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "सर, पोत्यात काच हाय एवढं सांगितलं असतं, तं मी दुसऱ्या तऱ्हेनं धरलं असतं. तुमाले ठाऊक होतं, मले नोतं."

मी एम. ए. झालेला, रोज वर्गात उभा राहून बोलणारा माणूस. यावर मला उत्तर सुचले नाही.

या कामातल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण हातमोजे आणि मास्क यांची नावे घेतो. ती हवीतच. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तर गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे, मास्क अशी यादीच लिहून दिली होती. पण ती नगरपालिकेच्या कामासाठी. आपण दारावरून हाक मारून बोलावलेल्या माणसाला हे सारे कोण देणार? शिवाय मोज्याने काच अडते, सुई अडत नाही. आता घरोघरी मधुमेह आहे, आणि इन्सुलिनच्या सुया सर्रास कचऱ्यात जातात. 'ब' काविळीचा विषाणू असलेली सुई लस न घेतलेल्या शंभर जणांना टोचली, तर सहापासून तीस जणांना लागण होऊ शकते. एच. आय. व्ही.चे प्रमाण पुष्कळ कमी, हजारी तीनच्या आसपास. परंतु त्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. तेव्हा सुई टोचली तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावे, दाबून रक्त काढीत बसू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून बूच घट्ट लावणे हे काम आपले, उचलणाऱ्याचे नव्हे.

धुळीचे सोपे आहे: आधी पाणी शिंपडावे, मग झाडावे. वर्षानुवर्षे न हललेल्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठी घालावी. विंचू आपल्याकडे घरचाच आहे. जुन्या छपराचे सिमेंटचे पत्रे मात्र फार जपून काढावे लागतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा फोडला की त्याचे न दिसणारे तंतू छातीत जातात, आणि दुखणे उमटते वीस-तीस-चाळीस वर्षांनी. तोवर तो ठेलेवाला कुठे आणि तुम्ही कुठे! पत्रा ओला करावा, अखंड उतरवावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच न्यावा. पण हे काम ज्याला ठाऊक आहे त्याच्याचकडे द्यावे. मजुरीत शंभर रुपये वाचवायला इथे जागा नाही.

बुटीबोरीसारख्या गावात आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे ड्रम. कारखान्याचा निळा किंवा लोखंडी ड्रम कोणाच्या तरी ओळखीने घरी येतो. कोणी त्यात पाणी भरतो, कोणी गहू. आमच्या सांदवाडीतही एक निघाला. त्यात पूर्वी काय होते, हे वडिलांनाच माहीत. असा ड्रम पुढे भंगारात जातो आणि तिथे गॅसने कापला जातो. आत ज्वालाग्राही द्रवाचा नुसता वास उरला असला तरी तो वास म्हणजे वाफच. तिला हवेची जोड मिळाली की ठिणगीने स्फोट होतो. घातक रसायनांचे रिकामे डबे २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यातच धरले आहेत. बुटीबोरीला अशा कचऱ्याचे सामाईक केंद्रही आहे. तरी ड्रम सांदवाडीत येतातच.

हे सारे अडाण्यांच्या हातून होते असे कोणी समजू नये. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र घेतले होते. १९८५ पासून ते वापरातच नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत जुने सामान म्हणून त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते यंत्र उघडले गेले. एप्रिलमध्ये एक कामगार दगावला, आणखी काही जण किरणोत्साराने आजारी पडले. यंत्रात काय आहे हे विद्यापीठातल्या कोणाला तरी ठाऊक असणारच, उघडणाऱ्याला नव्हते. पसारा हलवण्याच्या घाईत विद्यापीठाने केले ते, आणि मी चार ट्यूबलाइटींच्या बाबतीत केले ते, यांत मला जात एकच दिसते.

पुण्यात या बाबतीत थोडी चांगली हकीकत आहे. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. वेचणाऱ्या बायांनी घरोघरच्या लोकांना एक साधी गोष्ट सांगितली: वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या. अक्षर वाचता न येणाऱ्या बाईलाही तो ठिपका दिसतो.

मी त्याचीच नक्कल केली. काच, सुई, औषध, रसायन असे काही असले की ते पोत्यात मिसळायचे नाही, वेगळे बांधायचे आणि त्याला लाल चिंधी लावायची. घरात थट्टा झाली, पण चिंध्या मिळाल्या.

परवा मागची पडवी रिकामी केली. तोच ठेलेवाला आला. खांद्याचा व्रण त्याने आपण होऊन दाखवला. चिंधीची गाठोडी त्याने ठेल्याच्या एका कोपऱ्यात उभी लावली. मग शेवटच्या पोत्याशी थांबला आणि म्हणाला, "सर, याले चिंधी नाई. काई नाई ना यात?"

"नाही," मी म्हणालो.

तो जागचा हलला नाही. शेवटी मी पोते अंगणात ओतले. तळाशी संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली निघाली, पाव भरलेली, बूच सैल झालेले.