‘जुळवून घे’ म्हणण्याआधी
(लग्न होऊन परदेशी जाणाऱ्या मुलींच्या प्रश्नांवर महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

संयोजिकांनी मला विषय दिला होता ‘परदेशातले माझे दिवस’. या विषयावर बोलायला उभे राहिले की बर्फ, रुंद रस्ते, तिथल्या दुकानात मिळणारी मेथीची जुडी आणि मंडळाचा गणेशोत्सव यांचेच वर्णन होते. ते मी करणार नाही. मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘जुळवून घेणे’. मुलगी सासरी निघाली की ओटीतल्या नारळाबरोबर हा शब्दही तिला दिला जातो. सासर सातासमुद्रापलीकडे असले तर जास्तच आग्रहाने दिला जातो. हा शब्द मीही एका बाईला दिला होता आणि त्याची किंमत तिने मोजली. म्हणून आज बोलते आहे.

२००४ साली मी न्यू जर्सीला गेले. त्याआधी नऊ वर्षे बँकेत नोकरी करत होते. युनियनच्या सभांना जात होते, आमच्या घरचे सगळे व्यवहार मीच पाहत होते. नवऱ्याला एच-१बी व्हिसा मिळाला आणि त्याची पत्नी म्हणून मला एच-४. एच-४ म्हणजे अवलंबिताचा व्हिसा. माझ्या पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर नवऱ्याचे नाव होते. त्याच्या व्हिसावर माझे नाव नव्हते, असण्याचे कारणही नव्हते.

या व्हिसाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण पत्रिका पाहताना तो कुणी सांगत नाही. त्या काळी एच-४ वर असलेल्या बाईला पैसे घेऊन कोणतेही काम करता येत नसे. दुकानात उभे राहणे नाही, शेजारणीची मुले सांभाळून चार डॉलर घेणे नाही, डबे करून देणे नाही. शिकायला परवानगी होती, पण फी भरायला पैसे नवऱ्याचेच. नवऱ्याची नोकरी गेली की तिचा तिथे राहण्याचा हक्क संपला. घटस्फोट झाला तरी संपला. म्हणजे संसार मोडायचा की नाही या प्रश्नाला ‘देश सोडायचा की नाही’ हा दुसरा प्रश्न कायद्यानेच जोडून दिलेला होता.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता, आजही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रश्न एका माणसाच्या स्वभावाचा नाही. तो सकाळी गाडी घेऊन कामाला जाई. आमच्या वस्तीबाहेर पायी चालायला पदपथ नव्हता, बसचा थांबा लांब होता. गाडी चालवायला शिकवायची तर तीही त्यानेच, त्याला सवड होईल तेव्हा. केस कापायला पैसे हवेत हे सांगताना मी ते वाक्य मनात दोनदा घोळवत असे. नऊ वर्षे स्वतःच्या सहीने पगार उचलणारी मी बाई! तो कधी नाही म्हणाला नाही. पण ‘हो’ म्हणणारा तो आणि मागणारी मी, हे रोजचे झाले. आईला फोन केला की ती म्हणे, “थोडे जुळवून घे, सवय होईल.” आणि सवय झालीही. थंडीची झाली, एकटेपणाची झाली, मागण्याचीही झाली. थंडीशी जुळवून घेता येते, त्याला जाड कोट पुरतो. नियमाशी जुळवून घेणे म्हणजे मात्र हळूहळू स्वतःला कमी करत जाणे.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मराठवाड्यातली एक मुलगी होती. एम.एस्सी. झालेली, वय सव्वीस-सत्तावीस. कपडे धुण्याचे यंत्र तळघरात होते आणि त्यात क्वार्टरची नाणी टाकावी लागत. ती एकदा माझ्याकडे चार नाणी मागायला आली. नंतर पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने सांगितले, की नवरा नाणी मोजून ठेवतो, फोनचे कॉलिंग कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतो आणि तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात आहे. हात उगारतो का, असे मी विचारले. ती म्हणाली, “रोज नाही.”

मैत्रिणींनो, मी त्या वेळी काय म्हणाले असेन? मी, युनियनच्या सभांत भाषणे केलेली बाई! मी म्हणाले, “नवीन नवीन असे होते गं. थोडे जुळवून घे.” तिने नाणी घेतली आणि ती गेली.

पुढच्या हिवाळ्यात तो तिला ‘माहेरी भेटीला’ घेऊन गेला. परतीच्या विमानात तो एकटाच बसला. तिचा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद तो घेऊन आला होता. कागद नाहीत म्हणून तिला परत येता येईना, आणि ती येत नाही असे सांगून इकडे त्याने घटस्फोटाचा अर्ज केला. आपल्या महाराष्ट्रात परित्यक्तांच्या प्रश्नावर ऐंशीच्या दशकापासून चळवळीने काम केले आहे. टाकलेल्या बाया आपण गावोगाव पाहिल्या. विमानाने आणून टाकलेली बाईही परित्यक्ताच असते. फरक एवढाच, की तिचे भाग्य उजळले असे समजून गावाने तिला हार घातलेले असतात, त्यामुळे परत आल्यावर तिला तोंड उघडणे जास्त अवघड जाते.

हे कळल्यावर मला वारंवार आनंदीबाई जोशी आठवत. आम्ही राहत होतो तिथून रोझेल हे गाव फार लांब नाही. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. नवरा बरोबर नव्हता. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी भाषण केले आणि ‘एकटीच का जातेस’ या प्रश्नाला लोकांसमोर उभे राहून उत्तर दिले. रोझेलला श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले. थंडीत पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाईंनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या.

आनंदीबाईंचे सगळे सुखाचे होते असे नाही. नवऱ्याची बोचरी पत्रे त्यांना तिथेही गाठत, आणि १८८७ साली पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या तिथे कुणाची बायको म्हणून नव्हे, विद्यार्थिनी म्हणून राहत होत्या. त्यांनी जे जुळवून घेतले ते थंडीशी आणि अन्नाशी, स्वतःच्या कामासाठी. शिवाय त्यांना हाक मारायला एक घर होते, जे नवऱ्याच्या ओळखीवर टिकून नव्हते. सव्वाशे वर्षांनंतर त्याच न्यू जर्सीत माझ्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

खरे तर घर होते. ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांची संघटना १९८५ पासून न्यू जर्सीतच काम करत होती. शेजारी न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून. मला हे ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नाही. आमच्या मंडळात कांदेपोह्यांची पाककृती सगळ्यांना ठाऊक होती, हे दोन पत्ते कुणाला नव्हते.

कायदे बदलले का? थोडे बदलले, तेही बायांनी रेटा लावल्यामुळे. नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत गेली असेल तर एच-४ वरील पत्नीला मे २०१५ पासून काम करण्याचा परवाना मागता येऊ लागला. ज्यांची ती प्रक्रिया सुरूच नाही त्यांना तो नाही. मारहाण सोसणाऱ्या एच-४ पत्नीला स्वतंत्रपणे काम करू द्यावे, अशी तरतूद अमेरिकेने जानेवारी २००६ मध्ये केली. पण तिच्यासाठीचा अर्ज प्रत्यक्ष हातात यायला २०१७ उजाडले. अकरा वर्षे कायदा होता आणि अर्जाचा कागद नव्हता!

आपल्याकडेही काही आधार आहेत. परक्या देशातल्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले. बाई जिथे आसरा घेते त्या गावीही ती छळाची तक्रार नोंदवू शकते, हे २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगितले. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा असे सुचवले, २०१९ मध्ये विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत आले, २०२४ मध्ये विधी आयोगानेही सर्वंकष कायद्याची शिफारस केली. कायदा मात्र झालेला नाही. हा मुद्दा आपल्या मागण्यांत असला पाहिजे.

आणि हे फक्त शिकल्यासवरल्या, विमानाने जाणाऱ्या मुलींचे आहे असे समजू नका. गोव्यातल्या कितीतरी बाया कुवेतला घरकामाला गेल्या. तिथे कागद नवऱ्याच्या नव्हे, मालकाच्या हातात. काम देणाराच राहण्याचा जामीनदार, ही ‘कफाला’ पद्धत. कुवेतने २०१५ च्या कायद्याने घरकामगार स्त्रीचा पासपोर्ट काढून घ्यायला मनाई केली, तरी दार बंद झाल्यावर आत काय चालते ते दारामागेच राहते. तिथेही बाईला हेच सांगितले जाते, दोन वर्षे जुळवून घे.

मग आपण काय करायचे? परदेशी जाऊ नका, असे मी सांगायला आलेली नाही. जा, जग बघा. पण आपल्या गावातली मुलगी निघाली की आपल्या मंडळाने तिच्याकडे दोन तास मागून घ्यावेत. लग्नाची नोंदणी इथे झालेली असावी. नवऱ्याची नोकरी, पत्ता आणि पूर्वीचे लग्न यांची चौकशी करण्यात लाज कसली? तिचा व्हिसा कोणता, त्यावर काम करता येते का, हे तिने स्वतः वाचावे. पासपोर्ट, व्हिसा, विवाहाचा दाखला यांच्या प्रती बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे असाव्यात. पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडकवून ठेवण्याचा हक्क नवऱ्याला नाही. लग्नानंतर त्यावरचे नाव बदललेच पाहिजे असेही नाही. इथले स्वतःचे बँक खाते बंद करू नये. पोलिसांना बोलवायचा क्रमांक, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, तिला पाठ असावा. मूल झाले तर आणखी एक गोष्ट. मुलाला नवऱ्याच्या संमतीशिवाय घेऊन इकडे निघाले तर तिथला कायदा त्याला अपहरण म्हणू शकतो. म्हणून आधी तिथल्या वकिलाला किंवा स्त्री-संघटनेला विचारावे, मग पाऊल उचलावे.

आणि फोन आला, रडणे ऐकू आले, तर आपण काय बोलायचे? मी जे बोलले ते बोलू नका. तीन प्रश्न विचारा. तुझा पासपोर्ट कुठे आहे? तुझ्या हातात पैसे आहेत का? रात्री बाहेर पडावे लागले तर तू कुणाच्या दारी जाशील? या तिन्हींची उत्तरे मिळाली, म्हणजे मग थंडीचे आणि भाजीचे बोलू.

ती मुलगी आज औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका महाविद्यालयात शिकवते. तिच्या माहेराने तिला आधार दिला, म्हणून ती सावरली. दोन वर्षांपूर्वी मी तिला भेटून माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, तुम्ही नाणी तरी दिलीत.” मला त्या वाक्याने बरे वाटले नाही. नाण्यांच्या ऐवजी एक पत्ता देता आला असता. तो द्यायला आपण सगळ्यांनी शिकावे, एवढेच मागायला मी आले आहे.