जुना लॅपटॉप, एक पेनड्राइव्ह आणि दहा ओळींचा कोड

आजचा विषय तुमच्या घरातच कुठेतरी पडलेला असणार. कपाटाच्या वरच्या खणात, नाहीतर पलंगाखालच्या पेटीत. दादाने कॉलेजला असताना घेतलेला, आता चालू व्हायला पाच मिनिटं घेणारा जुना लॅपटॉप.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. वर्षभर जादा सुरक्षा अपडेट घ्यायची सोय ठेवली गेली, पण पुढचा रस्ता म्हणजे विंडोज ११. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. म्हणजे हातपाय धड असलेली कितीतरी मशिन्स केवळ या अटींमुळे भंगारवाल्याकडे जाणार. तो देणार किती, तर चार-पाचशे रुपये. त्यापेक्षा ते मशीन तुम्ही घ्या. त्यावर लिनक्स टाका आणि खेळा.

"खेळा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कोडिंग म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "यातून नोकरी मिळेल का?" अरे, गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कोणी विचारतं का, की तू रणजीत कधी खेळणार? खेळायला मजा येते म्हणून तो खेळतो. कॉम्प्युटरशी असं नातं ठेवायची मुभा आपण स्वतःला देतच नाही. थेट कोर्स, सर्टिफिकेट, पॅकेज!

आणि गंमत बघा. १९९१ साली हेलसिंकीतल्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, फक्त छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. तेच लिनक्स. तुम्ही हा भाग अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर त्या फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे.

बरं, सुरुवात कशी करायची? ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी रिकामा करा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवून घ्या. ती हलकी आहे, ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते. विंडोजवर रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, त्याने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं. कंपनीप्रमाणे ते एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असं काहीही असू शकतं. तिथे पेनड्राइव्ह निवडा, बस.

आता लगेच इन्स्टॉल करू नका! मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, हार्ड डिस्कला हात न लावता. आधी तपासा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का. वायफाय रुसलंच, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं, मग वायफायचा ड्रायव्हर शोधता येतो. सगळं जमलं की लॅपटॉपमधले जुने फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा आणि मगच इन्स्टॉल. खर्च करायचाच असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. तेवढ्याने लॅपटॉप ओळखू येणार नाही.

एक सरळ सांगतो. घरात टॅलीवर हिशेब होत असतील किंवा कोरल ड्रॉवर पत्रिका डिझाइन होत असतील, तर त्या मशीनला हात लावू नका. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाहीत. खेळायचं मशीन वेगळं, पोटापाण्याचं वेगळं.

पहिले काही दिवस वॉलपेपर, थीम, आयकॉन बदलण्यातच जातील. जाऊ देत. त्यानंतर मात्र एक छोटं काम हाती घ्या. तुमच्या स्वतःच्या डोकेदुखीचं.

उदाहरण देतो. व्हॉट्सअॅपचे फोटो. फोनमधून ते लॅपटॉपवर घेतले की हजारो फाइल एकाच फोल्डरमध्ये. लग्न, बारसं, गुड मॉर्निंग, सगळा काला! पण अँड्रॉइडवर त्या फाइलचं नाव नीट बघा. आधी आय-एम-जी, मग डॅश, मग आठ आकडे: २०२४०११५. म्हणजे २०२४, जानेवारी, १५ तारीख. तारीख नावातच लिहिलेली आहे! पायथनला सांगायचं, पहिली चार अक्षरं सोड, पुढची चार म्हणजे वर्ष, त्यापुढची दोन म्हणजे महिना. त्या नावाचं फोल्डर बनव आणि फाइल तिथे हलव. दहा-बारा ओळींत काम होतं.

एक सवय इथेच लावून घ्या. पहिल्या वेळी फाइल हलवायच्याच नाहीत. कोणती फाइल कुठे जाईल, एवढंच स्क्रीनवर छापायचं. यादी डोळ्यांखालून घाला, मग खरं काम करा. स्क्रीनशॉटची नावं वेगळ्या पद्धतीची असतात, तिथे तुमचा प्रोग्राम चुकेल. कधी एररही येईल. ती वाचा. पायथनच्या एररमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय बिनसलंय ते तिथे असतं. प्रोजेक्ट तिथूनच वाढत जातो.

आणि आपल्या मराठीशी खेळून बघा ना! पायथनला विचारा, "मराठी" या शब्दाची लांबी किती? आपण म्हणू तीन अक्षरं. तो म्हणतो पाच. कारण म, र, काना, ठ, वेलांटी असं तो सुटं सुटं मोजतो. हाच शब्द उलटा करायला सांगा, वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. पण देवनागरी आकड्यांत लिहिलेलं १२३ त्याला पूर्णांक म्हणून वाचायला द्या, बरोबर ओळखतो! मराठी शब्दकोडं किंवा शुद्धलेखनाचा खेळ बनवायचा तर हे माहीत असायलाच हवं. आणि गडबड कुठे आहे हे मराठी वाचणाऱ्यालाच पहिल्यांदा दिसणार.

लॅपटॉप नाहीच? फोनवर टर्मक्स टाका. त्यात पायथन चालतं. टायपिंगला बोटं दुखतील, पण सुरुवात होईल.

या सगळ्यातून मिळतं काय? मशीनची भीती जाते. बिघडेल म्हणून हात न लावणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याला विचारत राहतो. ज्या लॅपटॉपवर काहीच अवलंबून नाही, तो बिघडला तर पेनड्राइव्ह लावून अर्ध्या-एक तासात पुन्हा उभा करता येतो. एवढ्या स्वस्तात चुका करायची सोय दुसरीकडे कुठे आहे?

तर या रविवारी तो लॅपटॉप खाली काढा, धूळ पुसा आणि चार्जर शोधा. खरं सांगू? सगळ्यात जास्त वेळ चार्जर शोधण्यातच जाईल. पुढच्या भागात भेटू. तोवर, खेळत राहा!